बटाट्याची पाठराखीण

हॉलंड
१२ नोव्हेंबर २००६

सुवर्णे,

‘वहिनी’ म्हणून लिहायला बसलं की माझा हात आखडतो. म्हणून आज तू वहिनी नाहीस. नाशिकच्या कॉलेजातली माझी प्रॅक्टिकलची जोडीदार आहेस, जिच्याकडे कायम नवं ब्लेड असायचं आणि जिने घेतलेले खोडाचे पातळ छेद स्वतःचे म्हणून दाखवून मी सरांकडून शाबासकी घ्यायचे.

फोनवर तुझ्याशी बोलणं होतच नाही. आई बोलते, दादा बोलतो, मधेच तुझी सई ओरडते, मागे पंप चालू असतो. तुझी पाळी आली की कार्ड संपतं. म्हणून कागद.

तर ऐक. मला नवा जीन मिळाला!

आधीच्याचं काय झालं ते एकदाच सांगून टाकते. दीड वर्ष त्याच्या मागे होते. त्याला गप्प केलं, म्हणजे रोपात असा फेरफार केला की त्या जीनचा निरोप पेशीत पुढे पोचूच नये. आणि बटाटे आले ते कसे? छान, गोल, गुळगुळीत. बाजारात न्यावेत असे. जीन असला काय, नसला काय, बटाट्याला पत्ताच नाही! माझ्या गाइड योहाना म्हणाल्या, “हाही निष्कर्षच आहे.” (इथे मॅडम म्हटलं की लोक हसतात. वयाने आईएवढ्या बाईला नावाने हाक मारायची माझी जीभ अजून वळत नाही, पण मारते.) मी खोलीवर येऊन रडले. निष्कर्ष कसला, माती.

पण आता ऐक. बटाट्याची साल म्हणजे मेलेल्या पेशींचे थर, आणि त्यांच्या भिंतींना आतून सुबेरिनचा लेप. बाटलीच्या बुचात असतं तेच. आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही, बाहेरची बुरशी आत येऊ देत नाही. हे आपण कॉलेजात एका ओळीत पाठ केलं होतं आणि पुढे गेलो होतो. त्या एका ओळीत माणसं आयुष्य काढतात, हे इथे आल्यावर कळलं. हा लेप दोन प्रकारच्या मालाचा असतो. एक म्हणजे मेणासारख्या लांब साखळ्या, आणि दुसरं फेरुलिक आम्लासारखी छोटी छोटी आम्लं. या दोघांची गाठ कोण मारतं? एखादा एन्झाइम मारत असणार. तो कोणता, ते बटाट्यात कुणाला नक्की माहीत नाही. बुचाच्या झाडाच्या सालीत एक जीन फार जोरात चालतो, आणि त्याचा सख्खा भाऊ मला बटाट्यात सापडलाय. मला वाटतं, गाठ मारणारा हाच. आता याला गप्प करायचं.

काल सालीचा छेद अतिनील प्रकाशात पाहिला. काळोखात निळसर चमकणारी विटांची भिंत! तू शेजारी हवी होतीस गं. तू असतीस तर छेद याहून पातळ आला असता.

तुझी छाया


मळा, सिन्नर
३ डिसेंबर २००६

छाये,

तुझं पत्र दुपारी शेवंती तोडताना आलं. शेजारच्या सरीत तोडणारी भागीबाई म्हणाली, “परदेशाचं पाकीट हाय, आधी हात धू.” धुतले नाहीत. पत्राला मातीचे डाग पडलेत, चालतील ना तुला?

दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसती तू दिसलीस, दुसऱ्यांदा बटाटा दिसला.

आता माझी बातमी. विहिरीकडच्या तुकड्यात यंदा बटाटा लावलाय! तुझ्या दादांना मीच म्हटलं, दरवर्षी फ्लॉवर आणि टोमॅटो, एकदा हे करून बघू. ते म्हणाले, “तुझी नणंद तिकडं बटाटा करती म्हणून तुला इकडं करायचा व्हय?” मी म्हटलं, हो. ते हसले आणि बेणं आणायला गेले.

बेणं कापताना तुझी आठवण आली. मोठा बटाटा डोळे बघून कापायचा, आणि लगेच लावायचा नाही, सावलीत ठेवायचा. पहिल्या दिवशी कापलेली बाजू ओली, चिकट असते. मग कोरडी होते, मग तिच्यावर पातळ पापुद्रा येतो. मी अंगठा फिरवून बघत बसले. हा पापुद्रा म्हणजे तुझं सुबेरिनच का गं? की नुसतं वाळणं? आत्याबाई सासूच्या आवाजात म्हणाल्या, “बटाट्याला काय कुरवाळती? सईला न्हाऊ घाल.”

सांग ना, जखम भरायला आणि साल यायला तोच एन्झाइम लागतो का? मला झोप लागत नाही असं नाही, पण वांगी चिरतानाही हेच डोक्यात असतं.

सुवर्णा


हॉलंड
८ जानेवारी २००७

सुवर्णे,

हो! तो पापुद्रा सुबेरिनचाच. जखम झाली की कापलेल्या जागेखालच्या पेशी जाग्या होतात आणि भिंतींना लेप द्यायला लागतात. तोच जीन तिथेही कामाला येतो का, हे बघायचं आहे. तुझा प्रश्न मी योहानांना जसाच्या तसा सांगितला. त्या म्हणाल्या, “ही मुलगी कुठल्या लॅबमध्ये आहे?” मी म्हटलं, “माझ्या भावाच्या मळ्यात.”

माझी नवी रोपं काचघरात लावली. दिसायला बाकीच्यांसारखीच हिरवी, टवटवीत. म्हणून मी धास्तावलेय. पुन्हा तसंच झालं तर?

तुझ्या बटाट्यासाठी एक सांगते. हिरव्या पाल्यावर काढू नकोस. तेव्हा सालीखालच्या पेशी अजून वाढत असतात, त्यांच्या भिंती नाजूक असतात, म्हणून अंगठ्याने साल सरकते. आधी पाणी तोड. पाला जमिनीलगत काप. मग दोन आठवडे बटाटा मातीतच राहू दे. साल पक्की होते, मग माल टिकतो, खरचटत नाही. इथे सगळे असंच करतात. माझ्यावर विश्वास ठेव. सुबेरिन माझं घरचं माणूस आहे आता.

छाया


मळा, सिन्नर
१० मार्च २००७

छाया,

पत्र लिहायला उशीर झाला. बटाटे निघाले. बरे आहेत. शेवंती संपली, झेंडू लावायचाय. आत्याबाईंची गुडघेदुखी कमी आहे. सई आता ‘छायाआत्या विमानात राहते’ असं सगळ्यांना सांगते.

तुझ्या रोपांचं काय झालं ते लवकर कळव. मी वाट बघते आहे.

सुवर्णा


हॉलंड
२४ एप्रिल २००७

सुवर्णे, सुवर्णे, सुवर्णे!

आधी वाईट, मग चांगलं. दहा दिवसांपूर्वी, शनिवारी, इथे कधी नव्हे ते कडक ऊन पडलं. काचघराच्या वरच्या खिडक्या आपोआप उघडतात, त्या उघडल्याच नाहीत. सोमवारी सकाळी दार उघडलं तर आत भट्टी! माझी सगळी रोपं उभ्या उभ्या भाजलेली. पानं चुरगळली की भुगा. योहाना दारात उभ्या राहिल्या, एवढंच म्हणाल्या, “सॉरी, छाया.” काचघर बघणारा माणूस तर माझ्याकडे बघेचना.

मी म्हटलं, फेकायच्या आधी कुंड्या उलट्या करून बघते. खाली काही धरलं असलं तर. पहिल्या कुंड्या साध्या रोपांच्या होत्या. लिंबाएवढे बटाटे, गुळगुळीत. मग माझ्या गप्प केलेल्या जीनच्या. मातीत हात घातला आणि हाताला काहीतरी खरबरीत लागलं. मला वाटलं, खडा आहे. धुतला. खडा नव्हता, बटाटा होता! पण साल कशी? बाभळीच्या खोडासारखी! भेगा, खवले, तपकिरी. दुसरी कुंडी, तशीच. तिसरी, तशीच! मी तिथेच मराठीत ओरडले. काचघरवाला पळत आला, त्याला वाटलं मला चक्कर आली.

टेबलावर ठेवले तर चार-पाच दिवसांत खरबरीत बटाटे अंजिरासारखे सुकले. गुळगुळीत होते तसेच आहेत. पाणी चाललंय त्यांच्यातून, सुवर्णे! भेगा वरवरच्या आहेत, आरपार भोक कुठेच नाही, तरी पाणी चाललंय!

योहानांनी भिंगाखाली बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “हा स्कॅब असू शकतो.” मातीतल्या जंतूंमुळे सालीवर खपल्या येतात, तो रोग. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, “तुला ‘नाही’ वाटतं म्हणून ते ‘नाही’ ठरत नाही. सिद्ध कर.”

आता तुलाच सांगते, घरी कुणाला बोलू नकोस. पहिल्या जीनमध्ये दीड वर्ष गेलं, म्हणून वर्षाअखेर माझी तपासणी आहे. हाती काही नसेल तर मला इथून परत पाठवतील. आईला वाटतं मी इथे डॉक्टर होऊनच बसलेय. म्हणून हे बटाटे...

(संध्याकाळी.) सुवर्णा, पत्र अर्धं टाकून घरी फोन लावला होता. राहवलं नाही, कुणाला तरी सांगायचंच होतं. तू भागीबाईंबरोबर शेतात होतीस. आईला म्हटलं, माझे बटाटे भारी आलेत, तुमचे कसे आले? आई म्हणाली, “कसले आले गं? निम्मे वावरातच सडले. तू पाला कापून ठिवायला सांगितलं ना, अन् मंग आवकाळी आला. लय पानी तुंबलं. सुवर्णानं सांगितलं नाय का तुला?”

नाही सांगितलं. ‘बरे आहेत’ म्हणालीस.

मी सांगितलं म्हणून तू थांबलीस. हॉलंडमध्ये बसून सिन्नरच्या आभाळाचा हिशेबच धरला नाही मी. काय लिहू?

छाया


मळा, सिन्नर
१५ मे २००७

छाये,

आधी रडणं बंद कर. केलंस? मग पुढे वाच.

खरं आहे. पाला कापून आठवडा झाला होता आणि दुपारी आभाळ काळं झालं. गारा नव्हत्या, पण पाऊस असा पडला की सरी-वरंबा एक झाला. आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवते. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. कुदळ मारली की बटाटा फुटायचा, आत पांढरा चिखल. मी काठावर उभी होते. वाटत होतं, हे एकदा मोठ्याने ओरडतील तर बरं. ओरडले नाहीत. गुडघाभर चिखलात उतरले आणि म्हणाले, “चांगले तेवढे वेचून काढ. बाकी मी बघतो.” संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं आणि भागीबाई वेचत होतो. एकदाही त्यांनी तुझं नाव काढलं नाही. मीच शेवटी म्हटलं, “माझ्यामुळे झालं.” तर म्हणाले, “पाऊस तू पाडला का?”

तुला कळवलं नाही, कारण तू आधीच धास्तावली होतीस. पहिला जीन वाया गेल्यावर तू कशी रडली असशील ते मला दिसत होतं. आणि दुसरं कारण खरं सांगू? माझा स्वतःचा बटाटा होता तो. या घरात पहिल्यांदा मी म्हटलं म्हणून काही लावलं गेलं होतं. तो सडला हे लिहायला पेनच उठेना.

पण तुझं सांगणं चुकीचं नव्हतं. बांधाच्या कडेला उंचावर जे होते, जिथे पाणी थांबलं नाही, त्यांची साल अशी पक्की झाली की नखाने निघेना. ते पडवीत वाळूवर पसरून ठेवलेत. मे महिना आहे, ऊन कसं आहे तुला ठाऊकच आहे, आणि ते अजून कडक आहेत! हे परवा एक उचलून दाबून बघत होते. म्हणाले, “हे कसे काय टिकले?” मी त्यांना सुबेरिन सांगितलं. सगळं. साखळ्या, आम्लं, गाठ. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “पुढच्या टायमाला उंच वाफे करू.” म्हणजे पुढचा टाइम आहे, छाये!

आता तू. रोग असता तर तो शेजारच्या साध्या कुंड्यांतही गेला असता ना? माती एकच होती. तू हे आधीच म्हणाली असशील. नसशील तर म्हण. आणि पुन्हा लाव. स्वच्छ मातीत लाव, भाजून घेतलेल्या मातीत लाव, पण लाव. परत पाठवतील ही भीती घेऊन माझ्या घरी येऊ नकोस. बटाटे घेऊन ये.

पुन्हा माझ्यापासून काही लपवू नकोस. मीही नाही लपवणार.

सुवर्णा


हॉलंड
९ नोव्हेंबर २००७

सुवर्णे,

इतके महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि ‘बरे आहेत’ लिहायचं नाही असं आपलं ठरलंय.

काचेच्या बरणीत, जंतू नसलेल्या जेलीसारख्या खाद्यावर पुन्हा रोपं वाढवली. माती वाफेवर भाजून घेतली. कुंड्या नव्या, हातमोजे नवे, पाणीसुद्धा उकळलेलं. गप्प केलेल्या जीनच्या रोपांचे तीन वेगवेगळे वंश आणि शेजारी साधी रोपं, सगळी सरमिसळ करून ठेवली, आणि कुठल्या कुंडीत काय ते मलाही कळू नये म्हणून योहानांनी चिठ्ठ्या स्वतःकडे ठेवल्या. मी फक्त पाणी घालायचं. तीन महिने पाणी घातलं. पानांकडे बघून काही कळत नव्हतं. रोज वाटायचं, जाऊन एक कुंडी उपसावी. नाही उपसली.

तीन आठवड्यांपूर्वी काढणी झाली; मोजमापं हाती येईपर्यंत लिहायची थांबले. योहाना आल्या, काचघरवाला आला, शेजारच्या लॅबमधलेही दोघे उगाच येऊन उभे राहिले. पहिली कुंडी मी उलटी केली. गुळगुळीत. दुसरी, गुळगुळीत. तिसरी कुंडी योहानांनी उचलली. माती झटकली आणि थांबल्या. हात पुढे केला. तळहातावर बाभळीची साल!

मग कुणाला धीरच राहिला नाही. सगळेच उपसायला लागले. खरबरीत डावीकडे, गुळगुळीत उजवीकडे. ढीग झाले तेव्हा योहानांनी चिठ्ठ्या काढल्या आणि एकेक कुंडीचं नाव वाचलं. डावीकडे गप्प केलेले. सगळे. उजवीकडे साधे. सगळे. एकही इकडचा तिकडे नाही. योहाना म्हणाल्या, “स्कॅब चिठ्ठ्या वाचून येत नाही.” आणि सुवर्णे, त्या कोरड्या बाईने मला मिठी मारली. मातीच्या हातांनी!

आणखी एक गंमत सांगते. मला वाटलं होतं, साल पातळ झाली असेल म्हणून पाणी जातं. छेद घेतला तर उलटंच! साल जास्त जाड. बटाटा बिचारा थरावर थर चढवतोय, पाणी थांबावं म्हणून, आणि पाणी काही थांबत नाही. कारण थर आहेत, पण त्या थरांत गाठी नाहीत. लेपातलं फेरुलिक आम्ल मोजलं तर ते अगदी थोडं उरलंय. म्हणजे गाठ मारणारा तोच, माझाच एन्झाइम! विटा कितीही रचा, चुना नसेल तर भिंत गळणारच.

तपासणी पुढच्या महिन्यात आहे. योहाना म्हणाल्या, “ती आता औपचारिकता.” म्हणजे मी राहतेय, सुवर्णे. मी राहतेय!

छाया

ता. क. तुझा जखमेचा प्रश्न आता माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण आहे. कापलेल्या बटाट्यातही हाच जीन जागा होतो. पहिल्या दिवसापासून.


मळा, सिन्नर
२ डिसेंबर २००७

छाये,

तुझं पत्र ओसरीवर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आत्याबाईंना एवढंच कळलं की तुझे बटाटे खराब आले आणि म्हणून तू खूश आहेस. म्हणाल्या, “मंग आमचे सडले तवा कुनी मिठी नाय मारली ते!” हे इतके हसले की चहा सांडला.

मीही एक केलंय. गुरुवारी फुलं घेऊन हे नाशिकला निघाले, तेव्हा मी पिशवीत दोन बटाटे घालून टेम्पोत बसले. एक पक्क्या सालीचा, एक दोन दिवस आधी कापून ठेवलेला. हे फुलबाजारात, मी कॉलेजात! आपले सर अजून तिथेच आहेत, केस सगळे गेले. त्यांना म्हटलं, “सर, मायक्रोस्कोप हवाय, अर्धा तास.” ओळखलं त्यांनी. म्हणाले, “ब्लेड आणलंय का?” आणलं होतं!

इतक्या वर्षांनी ब्लेड हातात धरलं. पहिले छेद जाड आले, मग जमलं. सुबेरिनला लाल करतो तो सुदान रंग घातला आणि बघितलं. लाल रेघ, छाये. कापलेल्या बाजूने बारीक, नवी कोरी लाल रेघ. पेशीला पेशी लागून. तू तिकडे निळी बघतेस, मी इकडे लाल बघितली. मला तिथून उठवेना. सरांनी शेवटी दिवा बंद केला.

परत येताना टेम्पोत कापलेला बटाटा हातात घेऊन बसले होते. यांनी विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. छान होतं.”

यंदा उंच वाफे केलेत. बटाटा वर आलाय.

सुवर्णा


हॉलंड
१७ जानेवारी २००९

सुवर्णे,

आपल्या बटाट्याचं सगळं काम छापून आलं, प्रबंधही मान्य झाला. एप्रिलमध्ये जाहीर परीक्षा आहे. इथली रीत ऐक. मोठा हॉल, काळे झगे घातलेले परीक्षक, समोर मी. आणि माझ्या दोन्ही बाजूंना उभं राहायला दोन माणसं लागतात. त्यांना इथे पॅरानिम्फ म्हणतात. नवरीबरोबर पाठराखीण जाते ना सासरी, तशी. जुन्या काळी म्हणे उमेदवाराला मारायला कुणी आलं तर यांनी अडवायचं. आता फक्त उभं राहायचं, आणि वेळ पडली तर प्रबंधाला जोडलेलं एखादं विधान वाचून दाखवायचं.

एक माझी लॅबमधली मैत्रीण. दुसरी तू.

नाही म्हणायचं नाही. तिकिटाचं मी बघते. दादाशी मी फोनवर बोलते. पासपोर्टचं तू बघ.

छाया


मळा, सिन्नर
५ फेब्रुवारी २००९

छाये,

तुला वेड लागलंय. नाशिक सोडलं तर मी एकदा शिर्डीला आणि एकदा मुंबईला गेले आहे. मला तिथे काय बोलायचं, कसं चालायचं काही ठाऊक नाही. आत्याबाई म्हणतात, “सईला कोन बघंल?” आणि लगेच म्हणतात, “मी बघीन, जा.” हे म्हणतात, “हां, जा की.” म्हणजे त्यांना धड कळलंय की नाही, देव जाणे.

पासपोर्टचा फोटो काढला. चोरासारखी आले आहे.

येतेय.

सुवर्णा


हॉलंड
२३ एप्रिल २००९

अहो,

फोनवर तुम्ही ‘हां, हां’ करता आणि ठेवता, म्हणून लिहिते. लग्नाला आठ वर्षं झाली, हे माझं तुम्हाला पहिलं पत्र.

काल छाया डॉक्टर झाली. मी हिरवी पैठणी नेसले होते. हातात चोपदारासारखी काठी घेतलेली एक बाई पुढे, तिच्यामागे छाया, तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी. हॉलमधले सगळे उठून उभे राहिले. मला वाटलं, कुणी मोठं माणूस मागून येतंय, म्हणून मी वळून बघितलं. आमच्यासाठीच उभे होते.

परीक्षकांनी एकामागून एक प्रश्न विचारले. एक म्हातारे गृहस्थ होते, फार तिरके. छाया मान ताठ ठेवून बोलत होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, पॅरानिम्फने तिसरं विधान वाचून दाखवावं. कागद घेतला. इंग्रजीत होतं. लिहिलं होतं की सालीचे थर किती आहेत याला महत्त्व नाही, ते एकमेकांना कशाने बांधलेत याला आहे. मी वाचलं. सुरुवातीला आवाज लहान होता, मग झाला मोठा. आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, यातलं मला सगळं कळतंय. एकेक शब्द. पुढे त्या गृहस्थांनी छायाला जे विचारलं तेही कळलं, आणि ती उत्तर देण्याआधी मला उत्तर माहीत होतं.

निकाल सांगितला तेव्हा छाया रडली नाही, मी रडले. तिच्या गाइडबाईंनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, “चौथं प्रकरण तुझ्या प्रश्नावर आहे, माहीत आहे ना?”

जेवताना शेजारच्या एका बाईंनी विचारलं, “तुम्हीही याच फील्डमध्ये का?” मी म्हटलं, “हो, सिन्नरजवळ.” छाया इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने त्या बाईंना समजावून सांगितलं, तर त्यासुद्धा हसल्या. मीही हसले. पण खोलीवर आल्यावर विचार केला, मी थट्टा केली नव्हती.

इथे शेवंती काचेच्या घरात करतात, दिवे लावून. तुम्हाला दाखवायला फोटो काढलेत.

आता मुख्य. मला एम.एस्सी. करायचं आहे. नाशिकला, आमच्याच कॉलेजात, याच जूनपासून. सरांना इथूनच फोन केला. ते म्हणाले, बी.एस्सी.चे मार्क चांगले आहेत, ये. सकाळची एस.टी. धरली तर दुपारनंतर मळ्यात परत येता येईल. सईची शाळा त्याच वेळची आहे. तोडणीच्या दिवसांत भागीबाईला जास्त दिवस बोलवावं लागेल. आत्याबाईंशी मी बोलेन, त्या आधी रागावतील आणि मग माझा डबा भरतील. कुठे अडेल ते सगळं मी बघून ठेवलंय, आणि अडलं तरी करायचंच आहे. छायाने सांगितलं म्हणून नाही. त्या दिवशी कॉलेजातून परत येताना टेम्पोत तुम्ही विचारलंत, काय झालं, आणि मी म्हटलं, काही नाही. तेव्हापासून आहे हे. तेव्हाच सांगायला हवं होतं.

मी परवानगी मागत नाही. पण तुमचं म्हणणं मला ऐकायचं आहे. मी अजून दोन आठवडे इथे आहे, हे पत्र माझ्याआधी पोचेल. मुंबईला विमानतळावर घ्यायला याल, तेव्हा आधी उत्तर द्या, मग बॅग घ्या. आणि नुसतं ‘हां’ चालणार नाही.

तुमची
सुवर्णा